आळशीबाईंच्या आजीचं पाणी

मी एल्सीचे ठिपके जोडले.

एवढ्यावरून पुरुष वाचकांना काही कळणार नाही, आणि बायका म्हणतील, "मग काय झालं? ठिपके जोडायचेच असतात." तेच तर! मीसुद्धा तेव्हा हेच म्हणाले होते. कॉलनीच्या रांगोळी स्पर्धेत दर दिवाळीला पहिली येणारी बाई मी. त्या दुपारी समोर जमिनीवर चादरीएवढं कापड पसरलेलं, त्यावर डोळे फिरतील इतके ठिपके, आणि एकही जोडलेला नाही. शेजारी पांढरा रंग, ब्रश. घरात सगळे झोपलेले. मला वाटलं, बिचारीने ठिपके घालून ठेवलेत, पुढचं काही हिला जमत नाहीये. लावावा हातभार.

ती रांगोळी नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका बाईच्या आजीचा मुलूख होता तो, आणि तिच्या आजारी मोठ्या बहिणीसाठी ती तो रंगवत होती. आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. माहीत असून मी त्यावर कमळं काढली.

तेव्हाची मी खरं तर तिकीट लावून दाखवण्यासारखी होते. शाळेत इंग्रजी शिकवून नुकतीच निवृत्त झालेले. वर्ग सुटला तरी शिकवणं सुटलं नव्हतं. दुकानांच्या पाट्यांवरचं स्पेलिंग मी आत जाऊन दुरुस्त करायला लावायचे. कुणी प्रश्न विचारायच्या आत उत्तर द्यायचे. आता नात माझं इंग्रजी दुरुस्त करते, तेव्हा मी निमूट ऐकून घेते. तिला ठाऊक नाही की तिची आजी एके काळी तिच्याहून आगाऊ होती.

तर एल्सी. माझी भाची सई इथल्या चित्रकलेच्या कॉलेजात शिकवते. त्यांच्या कॉलेजाने देशोदेशीच्या चित्रकारांचं शिबिर भरवलं होतं. बोलावणं खरं एल्सीच्या मोठ्या बहिणीला होतं. नावाजलेली चित्रकार ती. तिचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही, कारण त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत आणि ती आता नाही. तेव्हा होती. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, एक दिवसाआड डायलिसिस. मशीन शहरात आणि त्यांचा मुलूख तिथून दिवसभराच्या प्रवासावर. त्यामुळे कित्येक वर्षं तिला घरी जाता आलं नव्हतं. शहरातल्या एका खोलीत पडून ती आजीच्या पाण्याची आठवण काढायची. आजीचं पाणी म्हणजे वाळवंटातलं एक पाणवठ्याचं ठिकाण. त्यांच्या घराण्याचं सगळं तिथून सुरू होतं.

तिने धाकटीला सांगितलं, "माझ्याऐवजी तू जा. आणि तिकडे बसून मला आजीचं पाणी रंगवून आण. इथे नातेवाईक तुला काम करू देणार नाहीत. तिथे तुला ओळखणारं कुणी नाही. शांतपणे होईल."

शांतपणे! आणि आली ती आमच्या घरी.

त्याचं असं झालं. पाहुण्या चित्रकारांची सोय चौथ्या मजल्यावर होती. पहिल्याच संध्याकाळी एल्सी गादी गुंडाळून खाली आली आणि पार्किंगमध्ये पसरून बसली. वॉचमनची बोबडी वळली. सईचा मला फोन, "मावशी, तुझं घर तळमजल्यावर आहे ना? ती वर झोपायला तयार नाही. म्हणते, खाली लोक राहतात, त्यांच्या डोक्यावर झोपणं बरं दिसत नाही."

ती आली. ठेंगणी, रुंद, पांढऱ्या केसांची, फुलाफुलांचा घोळदार स्कर्ट, आणि नाशिकच्या भर दुपारीही डोक्यावर निळी-पिवळी लोकरी टोपी. माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहानच असेल. आमच्या सासूबाई चांदवडकडच्या. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "ही इंग्रजांच्या मुलखातली ना? मंग गोरी का नाय?"

मी लगेच तास घेतला. हे तिथले मूळचे लोक, गोरे मागाहून आले, वगैरे.

"म्हंजी घर हिचं," सासूबाई म्हणाल्या, "आन गोरे पाव्हणे."

हे मी एल्सीला इंग्रजीत सांगितलं. ती इतकी हसली की टोपी घसरून नाकावर आली. 'पाव्हणे' हा तिने शिकलेला पहिला मराठी शब्द. पुढे तिच्या देशाची काही बातमी टीव्हीवर आली की ती सासूबाईंकडे वळून म्हणायची, "पाव्हणे. अजून गेले नाहीत."

सासूबाईंच्या जिभेवर 'एल्सी' काही बसेना. त्यांनी तिची 'आळशी' केली. आल्यागेल्याला ओळख करून द्यायच्या, "ह्या आळशीबाई. लांबून आल्यात." आणि बाई दिवसभर व्हरांड्यात फतकल मारून बसलेली, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. शेजारच्या काकूंनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तिकडे सरकार देतं का गं हिला खायला?"

एल्सीला डावं-उजवं चालत नसे. "मीठ उत्तरेला सरकव." "तुझ्या पूर्वेच्या गालाला पीठ लागलंय." मी गोंधळून चारी बाजूंचा गाल पुसायचे. सासूबाईंना मात्र यात नवल वाटलं नाही. शेतावर त्या असंच बोलत आलेल्या, "मावळतीच्या बाजूची जुडी दे" वगैरे. एल्सी म्हणायची, "डावं-उजवं ही काय भाषा आहे? माणूस वळला की बदलते."

पण म्हणून ती काही अंतर्ज्ञानी होती असं समजू नका. मीसुद्धा समजले होते, आणि तोंडावर आपटले. आम्ही दोघी खरेदीला नाशिकच्याच द्वारका चौकात गेलो होतो. परतताना रिक्षावाला पुलाखाली गोंधळला. मी म्हटलं, काळजी कशाला, आपल्याबरोबर वाळवंटातली बाई आहे! एल्सीने एकदा सावल्या पाहिल्या आणि ठामपणे हात केला, "तिकडे." मी रिक्षावाल्याला शाळेच्या आवाजात म्हटलं, "त्या सांगतात तसं घ्या." त्याने घेतलं. बराच वेळ गेला. दोन्ही बाजूंना कांद्याचे ट्रक दिसायला लागले. शेवटी रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "मॅडम, चांदवडला सोडू का?"

घर होतं नेमकं उलट्या दिशेला. घरी आल्यावर आमच्या ह्यांनी उलगडा केला. तिच्याकडे दुपारचा सूर्य उत्तरेच्या अंगाने जातो, आपल्याकडे थंडीत दक्षिणेच्या. तिने आयुष्यभराच्या सवयीने सावली वाचली आणि ती उलटी निघाली. एल्सी फार चिडली. अंगणात जाऊन कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली. "तुमचा सूर्य चुकीच्या बाजूने चालतो," ती म्हणाली. "लहानपणी कुणी शिकवलं नाही त्याला."

आमचे हे म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म कालव्यांच्या आखणीत गेला. समोर नकाशा दिसला की ह्यांना जेवणाची शुद्ध राहत नाही. एल्सीचं कापड पाहून ते उकिडवे बसले. मध्ये वर्तुळात वर्तुळं, ते आजीचं पाणी. भोवती वाळूचे डोंगर, खुणा, आणि या सगळ्यांच्या मधून ठिपकेच ठिपके. ह्यांनी चष्मा पुसला.

"वरून पाहिलेलं आहे. नकाशाच आहे हा. स्केल काय?"

मी भाषांतर केलं. एल्सी म्हणाली, "इथून इथपर्यंत एक गाणं."

मला हसू फुटलं. ह्यांना फुटलं नाही. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "चालत म्हणायचं की बसून?"

एल्सीने हातातली काडी खाली ठेवली. मोठमोठ्या शहरांत तिची चित्रं लागली होती, विद्वान लोक येऊन बोलून गेले होते, पण हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "चालत," ती म्हणाली. "बसून म्हटलं तर तू पोचशील कसा?"

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. रोज चहाला हे आपले जुने नकाशे घेऊन व्हरांड्यात. ती म्हणायची, हे बघ, इथे एक म्हातारी गेली, इथे बसली. हे म्हणायचे, हे बघ, इथे एक मंत्री आला आणि कालवा तिकडे वळला. मधेच ह्यांनी एखाद्या खुणेवर बोट ठेवलं की ती म्हणायची, "ते तुझ्यासाठी नाही." म्हणजे ते सांगायचं नाही, सगळ्यांसाठी नसतं. हे निमूट बोट उचलायचे. मला तीस वर्षांत ह्यांचं बोट कुठल्याही नकाशावरून उचलता आलेलं नव्हतं.

एल्सी इंग्रजीत त्या मुलखाला 'कंट्री' म्हणायची. आमच्या महिला मंडळात तिचं भाषण ठेवलं आणि भाषांतराला अर्थातच मी. तिने कापडाकडे हात करून एक वाक्य उच्चारलं. मी खणखणीत आवाजात म्हटलं, "हा माझा देश आहे." आवाज जरा जास्तच खणखणीत लागला असावा. पुढच्या रांगेतल्या दोघी उभ्या राहिल्या. त्यांना पाहून मागच्या. बघता बघता सगळं मंडळ ताठ उभं, हात सरळ, राष्ट्रगीताची वाट बघत. एल्सीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, बायका तिच्या आजीसाठी उभ्या राहिल्या. मग कुणी बसायला तयार होईना आणि मलाही बसा म्हणवेना.

घरी आल्यावर मी शब्द शोधत बसले. देश नाही, प्रांत नाही, गाव नाही. सासूबाई म्हणाल्या, "माहेर म्हन की." पण माहेर सोडून जायचं असतं. सासूबाईंनी मग पक्कं विचारलं, "सातबारा कुनाच्या नावावर हाय?"

एल्सीला सातबारा समजावण्यात एक चहा गेला. ती म्हणाली, "ती आमच्या नावावर नाही. आम्ही तिच्या नावावर."

"म्हणजे खातेदार जमीन," हे म्हणाले. "फेरफारच उलटा."

काम असं चालायचं. सकाळी चहा झाला की एल्सी मोठ्या बहिणीला फोन लावायची आणि कापडाच्या कडेला ठेवायची. तिकडे दुपार. मोठी बहीण फोनवर गायची, मशीनचा दिवस असला तर त्याचा टुक-टुक आवाज मागे, आणि एल्सी गाण्याच्या गतीने ठिपके टेकवत पुढे सरकायची. ब्रश ठिपक्यांना जाड पडतो म्हणून ती आमच्या उदबत्तीच्या जळक्या काड्या वापरायची. जेवढं गाणं झालं तेवढाच मुलूख त्या दिवशी पुढे जायचा. सासूबाई स्वयंपाकघरातून आम्हाला दटावायच्या, "हळू बोला! तिकडं गानं चाललंय."

मग मोठीचा आवाज उतरायला लागला. अर्ध्या गाण्यात धाप लागायची. एका सकाळी तिने कसंबसं शेवटचं गायलं आणि एल्सीने शेवटचे ठिपके टेकवले. दुसऱ्या दिवशी फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून कुणी तरी बोललं, ती थकली आहे. एल्सी दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपली.

आणि मला तिची दया आली. मला दया आली की घरातल्यांनी सावध व्हावं, असे ते दिवस होते. मी मनाशी म्हटलं, बहीण तिकडे घटका मोजतेय आणि हिचं अजून ठिपक्यांवरच अडलंय. चार दिवसांत विमान आहे. पुरं कधी व्हायचं? घेतला ब्रश.

किती सुरेख जमून आलं म्हणून सांगू! ओळी सरळ नव्हत्या, पण त्यातूनही मी आठ पाकळ्यांची कमळं काढली, कमळांना कमळं जोडली, वेलीने सगळं बांधून काढलं. इतकी खूश झाले की सासूबाईंना झोपेतून उठवून दाखवलं. त्या डोळे चोळत म्हणाल्या, "मधलं कमळ वाकडं झालंय." मग त्यांची झोप उडाली. "शालू, हिला इचारलं होतंस का?"

एल्सी उठून आली. ओरडली नाही. कापडाभोवती चारी बाजूंनी फिरली. मग खाली बसून एकेका रेषेवरून बोट फिरवू लागली, अंगणात मांजराचे ठसे बघायची तसं. त्यांच्या चित्रात रेघ म्हणजे कुणाच्या तरी चालण्याची वाट असते. जमीन वाचतात ते लोक.

शेवटच्या रेषेवरून बोट उचलून तिने विचारलं, "तू कुठे निघाली होतीस?"

"कमळ," मी म्हटलं. "फूल असतं. पाण्यात उगवतं."

"पाणी इथे आहे." तिने मधल्या वर्तुळावर बोट ठेवलं. "तू इथून गेलीस. मग वळलीस. परत इथून गेलीस. वळलीस. पाण्याच्या जवळून सात वेळा गेलीस आणि थांबली नाहीस. त्या उन्हात तू मेली असतीस."

संध्याकाळी हे फिरून आले, कापड पाहिलं आणि मटकन खाली बसले. "शालिनी," ते म्हणाले, "कालव्याच्या वितरिका काढल्यास तू. सगळ्या मुलखात. पाणी न सोडता."

मी रडले वगैरे. त्याचा कुणाला उपयोग नव्हता. पुन्हा नवं कापड घेणं शक्य नव्हतं, कारण ते गाणं परत म्हणायला मोठीकडे श्वास उरला नव्हता. आणि हे असं तिला दाखवणंही शक्य नव्हतं. विचारल्याशिवाय एक परकी बाई आजीच्या मुलखात शिरून सैरावैरा फिरलेली! मोठीने पाहून 'नाही' म्हटलं, की कापड गुंडाळून ठेवायचं, संपलं. मग तिच्या डोळ्यांसमोर हॉस्पिटलचं छत तेवढं राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्सीने मला समोर बसवलं. "मी विचार केला," ती म्हणाली. "आजपासून तू माझी मुलगी."

"अगं, मी तुझ्याहून मोठी आहे!"

"त्याने काही होत नाही. परकी शिरली तर भांडण होतं. मुलगी शिरली तर ती वाट चुकली एवढंच होतं. तिला परत आणता येतं."

मी तिच्या पाया पडले, सवयीने. तेवढ्यात हे नेहमीप्रमाणे काखोटीला नकाशे आणि हातात चहाचे कप घेऊन व्हरांड्यात आले. एल्सीने किंचाळून ती लोकरी टोपी दोन्ही हातांनी हनुवटीपर्यंत खाली ओढली.

"काय झालं? विंचू?" हे घाबरले.

टोपीच्या आतून आवाज आला, "त्याला जायला सांग. तो माझा जावई आहे."

त्यांच्यात सासू आणि जावई एकमेकांकडे पाहत नाहीत, बोलत नाहीत, एका खोलीत बसत नाहीत. मोठा मान असतो तो. मी मुलगी झाल्याबरोबर हे जावई झाले होते. एल्सीला हे रात्रीच उमगलं होतं. तिने मैत्री आणि बहीण असं समोरासमोर ठेवून पाहिलं होतं आणि ठरवलं होतं. पण हे उंबऱ्यात दोन कप घेऊन तसेच उभे राहिले. एका क्षणात त्यांची सगळ्यात चांगली दोस्तीण गेली होती, आणि गुन्हा माझा.

"मी काय केलं?" ते म्हणाले.

"तू कायबी केलं नाय," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या बायकूनं केलं."

नंतर मी एल्सीला सांगितलं की आमच्यातही बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचं नाव मी उखाण्यात तेवढं घेतलंय. ती समाधानाने म्हणाली, "मग तुम्ही नीट लोक आहात."

पुढचे दिवस आमच्या घरात जो कारभार चालला, तो कॉलनीने अजून विसरलेला नाही. हे स्वयंपाकघरात फ्रिजमागे उभे राहायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "शालिनी, तुझ्या आईला विचार, उत्तरेकडच्या त्या डोंगराची उंची किती?" एल्सी व्हरांड्यातून तुळशीकडे तोंड करून उत्तर द्यायची, "मुलीला सांग, तिच्या नवऱ्याला सांग, तो डोंगर नाही, झोपलेली बाई आहे." दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू जायचं, ह्यांना तिचं इंग्रजीही आता कळत होतं, तरी मी मधे उभी राहून सगळं परत म्हणायचं. एकदा मी एक वाक्य गाळलं तर दोघंही माझ्यावर खेकसले.

शिवाय त्यांच्याकडे जावयाने सासूला मांस आणून द्यायचं असतं. हे ऐकून ह्यांच्या अंगात उत्साह संचारला. रोज सकाळी मटण आणून उंबऱ्यावर ठेवायचे, खोकायचे आणि पळायचे. सासूबाई डोक्याला हात लावून बसल्या. "जावयानं आनायचं? आन सासूनं खायचं? माझा पोरगा दोनदा जावई झाला, पर मानपान एकदाबी नाय!" खाताना मात्र त्या एल्सीच्या शेजारी बसायच्या.

आणि मी परत येत होते. म्हणजे कापडावर. जिथून जिथून मी गेले होते तिथून उलट्या पावली यायचं, प्रत्येक रेषेवर ठिपके टेकवत, रेष बुजेपर्यंत. हातात उदबत्तीची काडी. एल्सी शेजारी बसून गाण्यातलं तिला आठवेल तेवढं हलक्या आवाजात म्हणायची. सोपं वाटतं? एका ठिपक्यानंतर दुसरा टेकवायचा, तिसरा, चौथा, आणि जोडायचे नाहीत! माझा हात आपोआप घसरायचा. घसरला की एल्सी आपल्या काडीने बोटांवर फटका द्यायची. शाळेत मी पट्टी वापरत असे, त्या सगळ्या मुलींचे शाप मला त्या दिवसांत एकदम लागले.

"तू फार घाईने कुठे तरी पोचतेस," ती म्हणायची. "हा रस्ता नाही. ही जमीन आहे. जमीन घाल."

पाठ मोडली, डोळे गेले, पण कमळं एकेक करून वाळूत बुडाली. निघायच्या आदल्या दिवशी एकच रेघ उरली. एका पाकळीचं टोक होतं ते. माझा हात तिथे चुकून वळायचा राहिला होता, आणि रेघ सरळ मधल्या वर्तुळापर्यंत गेली होती. आजीच्या पाण्यापर्यंत. मी काडी बुडवली तर एल्सीने हात धरला.

"ही राहू दे."

"का?"

मला वाटलं म्हणणार, ते तुझ्यासाठी नाही. पण ती रेषेकडे बघत म्हणाली, "एवढी एकदा तू बरोबर गेलीस."

"मोठी नाही म्हणाली तर?"

"तर नाही," एल्सी म्हणाली. पण रात्री जेवली नाही.

सईच्या गाडीतून ती निघाली. हे एका गाडीत बसू शकत नव्हते, म्हणून स्कूटरवरून मागे. पाथर्डी फाट्यापर्यंत गेले. एल्सी सगळा वेळ पुढे बघत होती. फक्त फाट्यावर तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि मान न वळवता, मागे, कुणालाच नाही असा, हलवत राहिली. ह्यांनीही स्कूटर थांबवून उसाच्या गुऱ्हाळाकडे बघत हात हलवला. गुऱ्हाळवाल्याने दोन ग्लास भरले.

त्यानंतर फोनची वाट. एका सकाळी तो आला, व्हिडिओसकट. एल्सीला फोन धरता येत नसे. आधी आम्हाला तिचं कपाळ दिसलं, मग टोपीचा गोंडा, मग छत. मग खाट. खाटेवर एक वाळकी म्हातारी, हाताला नळ्या, आणि तिच्या पायांवर गोधडीसारखं पसरलेलं ते कापड. मी आणि सासूबाई टेबलाशी. हे फ्रिजमागे, श्वास रोखून.

मोठीचा हात कापडावर फिरू लागला. आधी कडेने, मग आत. दोन बोटं एकापुढे एक टाकत ती चालत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता, मशीनची टुक-टुक तेवढी. जिथे माझी कमळं बुडली होती तिथून बोटं न अडखळता पुढे गेली. झोपलेल्या बाईला वळसा घातला. मग ती त्या रेषेपाशी आली आणि बोटं थांबली.

तिने रेषेवर बोट ठेवलं. उचललं. परत ठेवलं. एल्सीला काही तरी विचारलं. एल्सीने खाली मान घालून बरंच काही सांगितलं. त्यात 'शालू' ऐकू आलं. सासूबाईंनी टेबलाखाली माझा हात घट्ट धरला.

मोठीने पुन्हा वाकून रेष पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी नाक लावून. मग पाण्याच्या वर्तुळावर अख्खा पंजा ठेवला, उशीवर मागे टेकली आणि डोळे मिटून एक लांब वाक्य बोलली. एल्सी एवढ्या जोरात हसली की फोन तिच्या हातून पडला. आम्हाला पंखा दिसत राहिला. फ्रिजमागून हे ओरडले, "शालिनी, काय म्हणाली? तुझ्या आईला विचार काय म्हणाली!"

फोन वर आला. त्यात एल्सीचा एक डोळा होता, ओला. तिने सांगितलं ते असं:

"म्हणते, 'पाण्यापर्यंत आली ते बरं केलंस, पोरी. पण चपला घालून आलीस, दिसतंय मला. पुढच्या वेळी काढून ये.'"